यंत्रमागाचा बोर्ड : पिक हरवतात, इंटरप्ट कंट्रोलरची रजिस्टरं ड्रायव्हरमधून नेमकी कशी हाताळायची?

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर बसवायचा एक मॉनिटर बोर्ड सध्या माझ्या गळ्यात आहे. चिप झिंक-७०००, म्हणजे कॉर्टेक्स-ए९चे दोन कोअर आणि त्याच चिपमध्ये एफपीजीए (आतली जोडणी आपणच ठरवायचं हार्डवेअर). वर लिनक्स चालतं. सोळा माग, प्रत्येकाच्या दोन तारा. एक पिकची (पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक) : क्रँकच्या दर फेऱ्याला प्रॉक्सिमिटी सेन्सर एक पल्स देतो. दुसरी माग थांबल्याची : ताणा तुटो नाहीतर कांडी संपो, एक लॅच वर जातं आणि ड्रायव्हरने ते क्लिअर करेपर्यंत वरच राहतं.

या बत्तीस तारा एफपीजीएमधल्या घरगुती इंटरप्ट कंट्रोलरमध्ये (प्रोसेसरला "काम आलंय" असे इशारे देणाऱ्या ब्लॉकमध्ये) येतात आणि त्याची एकच तार पुढे प्रोसेसरच्या जीआयसीला (त्याच्या स्वतःच्या इंटरप्ट कंट्रोलरला) जाते. कंट्रोलरला रजिस्टरं दोनच. ऑफसेट ० ला स्टेटस (ज्या बिटात १ लिहाल तो बिट क्लिअर होतो), ऑफसेट ४ ला मास्क (१ म्हणजे तार चालू). ड्रायव्हर आधीच्या मुलाने लिहिलेला आहे, तो आता दुसरीकडे गेला. त्यातला कामाचा भाग (अ‍ॅक म्हणजे इंटरप्ट मिळाल्याची पोच, रीडएल-राइटएल म्हणजे रजिस्टर वाचणं-लिहिणं) :

    अ‍ॅक:
        किंमत = रीडएल(बेस + स्टेटस);
        किंमत |= बिट(तार);
        राइटएल(किंमत, बेस + स्टेटस);

    मास्क:
        किंमत = रीडएल(बेस + मास्क);
        किंमत &= ~बिट(तार);
        राइटएल(किंमत, बेस + मास्क);

तक्रार अशी की पाळी संपली की बोर्डावरचे पिक मागाच्या यांत्रिक काउंटरपेक्षा कमी भरतात. एकच माग चालू असेल तर आकडा तंतोतंत जुळतो. शेड भरात असली की घोळ. शिवाय माग एकदा थांबला तरी थांब्याची नोंद पुष्कळदा दोनदा पडते. मालक म्हणतो, पगार पिकवर निघतो, मागवाले माझ्या अंगावर येतील.

अक्कलकोट_नाका
काय करलालाय बे इतक्या उन्हात! आधी सेन्सर बघ. टॉवेलच्या शेडमध्ये कापसाची धूळ एवढी उडते की प्रॉक्सिमिटीच्या तोंडावर बोळा बसतो. ड्रायव्हरला शिव्या नंतर.

ताणाबाणा
नाका, ते पहिल्याच दिवशी केलं. सेन्सरची तार थेट ऑसिलोस्कोपवर घेतली, पल्स एकही चुकत नाही. एफपीजीएच्या पिनपर्यंत सगळं ठीक आहे. पुढे कुठेतरी गळती आहे.

रजिस्टरराव
गळती कुठे आहे ते तुम्ही स्वतःच वर डकवलंय. अ‍ॅकच्या मधल्या ओळीत.

१ लिहून क्लिअर होणाऱ्या रजिस्टरवर "वाचा, बिट मिसळा, परत लिहा" हा प्रकार कधीच करायचा नसतो. समजा तुम्हाला तार ३ अ‍ॅक करायची आहे. तुम्ही स्टेटस वाचलं, त्यात ३ आणि ९ दोन्ही वर आहेत. त्यात ३ मिसळून परत लिहिलंत. म्हणजे ९ च्या जागीही १ गेला आणि ९ पण पुसली गेली. तिचं काम कुणी केलंच नाही. एका मागाचा लाल दिवा विझवायला मुकादमाने शेडचा मेन स्विच पाडावा, तशातली गत.

मग दर वेळी का चुकत नाही? तुमचा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) सुरुवातीला स्टेटस एकदा वाचून लोकल व्हेरिएबलमध्ये धरत असणार आणि त्यातले बिट एकेक करून वाटत असणार. त्या पहिल्या वाचनात जे सापडले ते वाचले, कारण त्यांची नक्कल तुमच्याजवळ आहे. मरतात ते पहिलं वाचन आणि अ‍ॅकमधलं वाचन यांच्या फटीत येऊन पडलेले पिक. एक माग चालू असताना त्या फटीत दुसरं कुणी येतच नाही. सोळा चालले की येतं.

अ‍ॅक एका ओळीचं हवं :

    राइटएल(बिट(तार), बेस + स्टेटस);

वाचणं नाही, मिसळणं नाही. शून्य लिहिलेल्या बिटांना काहीच होत नाही, आणि असं रजिस्टर बनवण्यामागचा हेतूच तो असतो.

आणखी एक तपासा. पिकच्या तारांना हँडल_एज_आयआरक्यू (कडेवर चालणाऱ्या तारांसाठीचं कर्नलचं फंक्शन) लावलंय का? त्यात अ‍ॅक आधी होतं आणि हँडलर नंतर चालतो. कुणी अ‍ॅक शेवटी नेऊन ठेवलं असेल तर हँडलर चालू असताना आलेला पुढचा पल्स पुन्हा गिळला जाईल.

होटगीकर
राव सर, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर काम असतं. तिथे मी एक्स्टीआयच्या (बाहेरून येणाऱ्या तारांच्या इंटरप्टच्या) पेंडिंग रजिस्टरला "ओर-इक्वल" करूनच फ्लॅग काढतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत तसंच आहे. ते पण चूक का?

रजिस्टरराव
चूकच. एक्स्टीआयचं पेंडिंग रजिस्टरही १ लिहून क्लिअर होणारं आहे. लाइन ५ ते ९ मिळून एकच व्हेक्टर (म्हणजे एकच हँडलर), १० ते १५ मिळून दुसरा. एका व्हेक्टरवर दोन बटणं लावून दोन्ही जवळजवळ एकत्र दाब, एक गायब होईल. नुसतं "=" हे चिन्ह वापर.

पण त्याच चिपच्या टायमरच्या स्टेटस रजिस्टरचा नियम उलटा आहे : तिथे ० लिहिल्यावर फ्लॅग जातो, १ लिहिलं तर काही होत नाही. म्हणून तिथे सगळे १ आणि हव्या त्या जागी ० असं लिहायचं. एकाच दाण्यात दोन तऱ्हा. मॅन्युअलमध्ये प्रत्येक बिटाखाली "आरसी_डब्ल्यू१", "आरसी_डब्ल्यू०" असं बारीक छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय एक ओळ लिहू नये.

ताणाबाणा
रावसाहेब, पटलं. मग मास्कच्या फंक्शनमध्येही तेच वाचा-मिसळा-लिहा आहे. ते पण काढू?

रजिस्टरराव
नाही, तिथला आजार वेगळा. मास्क हे साधं रजिस्टर आहे, लिहाल ते राहतं. तिथे बाकीचे बिट जसेच्या तसे परत लिहावेच लागतात. प्रश्न आहे दोन कोअरचा. कोअर ० तार ३ मास्क करायला वाचतो, त्याच क्षणी कोअर १ तार ९ अनमास्क करायला वाचतो. दोघांकडे जुनीच किंमत. जो शेवटी लिहील त्याचं टिकलं, दुसऱ्याचं वाहून गेलं.

इथे बरेच जण म्हणतात, कर्नल मास्क-अनमास्कला बोलावताना डिस्क्रिप्टरचं (कर्नलमधल्या त्या इंटरप्टच्या नोंदीचं) लॉक धरूनच बोलावतो, मग भीती कसली? ते लॉक एकेका इंटरप्टचं असतं, चिपचं नसतं. तार ३ चं लॉक वेगळं, तार ९ चं वेगळं, आणि रजिस्टर मात्र दोघांत सामायिक. म्हणून चिपसाठी स्वतःचं लॉक ठेवा.

ते लॉक रॉ_स्पिनलॉकच हवं. साधं स्पिनलॉक रिअल-टाइम कर्नलमध्ये झोपू शकतं, आणि इंटरप्ट चिपच्या फंक्शनमध्ये झोपून चालत नाही. प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सचा रिअल-टाइम भाग) २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलंय, तेव्हा "आमच्याकडे आरटी नाही" ही सबब फार दिवस टिकणार नाही.

आणि मास्क दर वेळी हार्डवेअरमधून वाचू नका. त्याची एक नक्कल ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवा, लॉकखाली नक्कल बदला आणि तीच लिहा. राइट पुढे जातो, प्रोसेसर त्यासाठी थांबत नाही. रीड मात्र बसवर जाऊन उत्तर घेऊन येईपर्यंत कोअरला ताटकळत ठेवतो. कॉलेजात आपण सगळ्यांनी घोकलेला ८२५९ हा इंटरप्ट कंट्रोलर आठवा. लिनक्सचा त्याचा ड्रायव्हरही मास्कची नक्कल मेमरीतच ठेवतो आणि एका रॉ स्पिनलॉकखाली ती बदलून पोर्टवर लिहितो. पुन्हा वीज येऊन एफपीजीए कोरा लोड झाला तर मास्क परत भरायलाही तीच नक्कल कामाला येते, आणि सोलापुरात ती वेळ येतेच.

पुणेरी_प्रोब
एवढा खटाटोप कशाला? रेगमॅप (रजिस्टरं हाताळायची कर्नलची तयार सोय) वापरा. लॉक, नक्कल, डीबगएफएस (कर्नलच्या आतलं फाइलसारखं बघायची सोय) सगळं तयार मिळतं. रेगमॅप_अपडेट_बिट्स, एका ओळीत काम. चाक पुन्हा शोधायची हौस सोलापूरकरांना फार.

एफपीजीए_ताई
प्रोबराव, हौस राहू द्या, अपडेट_बिट्स स्टेटसवर चालवून बघा. ते फंक्शन आधी वाचतं, बदल करतं, आणि नवी किंमत जुनीइतकीच निघाली तर लिहीतच नाही. तार ३ चा बिट १ आहे, तुम्हाला १ लिहायचाय, बदल शून्य, म्हणून राइट शून्य. अ‍ॅक झालंच नाही. रजिस्टर व्होलाटाइल (हार्डवेअर आपणहून बदलतं असं) म्हणून नोंदवलेलं असेल आणि दुसरा एखादा बिट बदलायचा असेल तर याहून वाईट : तेच जुनं मेन स्विचचं प्रकरण. तिथे सरळ रेगमॅप_राइट लागतं.

मेमरी-मॅप्ड रेगमॅपचं लॉकही आपोआप साधं स्पिनलॉक असतं. इंटरप्ट चिपमध्ये वापरायचं तर कॉन्फिगमध्ये "यूज_रॉ_स्पिनलॉक" स्वतः मागावं लागतं.

रेगमॅप वाईट नाही. कंट्रोलर आयटूसी बसच्या पलीकडे असेल तर मी तोच घेईन. दोन रजिस्टरांच्या चिपला मात्र रीडएल-राइटएल पुरे.

पुणेरी_प्रोब
राइट गाळलं जातं हे ध्यानात नव्हतं. मान्य. पण डीबगएफएसमधून रजिस्टरं बघता येतात हा फायदा मोठा आहे की नाही?

एफपीजीए_ताई
बघण्यानेच काम बिघडतं अशीही रजिस्टरं असतात. जीआयसीचं अ‍ॅकनॉलेज रजिस्टर नुसतं वाचलं तरी इंटरप्ट "घेतला" असं धरलं जातं, आणि मागोमाग एंड-ऑफ-इंटरप्ट लिहिलं नाही तर तो तसाच अडकून बसतो. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या प्लिक या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये क्लेम रजिस्टरचं तेच. चालू बोर्डावर डेव्हमेम (कुठलाही पत्ता थेट वाचू देणारी फाइल) घेऊन असल्या पत्त्यांवर बोटं फिरवू नयेत. रेगमॅपमध्ये अशा रजिस्टरांना "प्रेशस" म्हणून नोंदवायची सोय आहे, मग डीबगएफएस त्यांना हात लावत नाही. ताणाबाणांचं स्टेटस वाचल्याने काही बिघडत नाही, ते खुशाल वाचा.

होटगीकर
बारका प्रश्न. सी भाषेतला व्होलाटाइल पॉइंटर घेऊन सरळ पत्त्यावर लिहिलं तर? एसटीएमवर तर चालतं.

रजिस्टरराव
लिनक्समध्ये तो भौतिक पत्ता तुझ्या ड्रायव्हरला दिसतच नाही. आधी आयओरिमॅपने तो कर्नलच्या पत्त्यात आणायचा, मग मिळालेल्या पत्त्यावर रीडएल-राइटएल. व्होलाटाइल फक्त कंपायलरला आवरतं. प्रोसेसरने साध्या मेमरीचे आणि डिव्हाइसचे व्यवहार मागेपुढे केले तर ते काही करू शकत नाही. राइटएलमध्ये त्यासाठीचा बॅरिअर (क्रम पाळायला लावणारी सूचना) असतो. शिवाय पॉइंटरला आयओमेमची खूण लावली की स्पार्स हे टूल चुकीचा वापर लगेच पकडून देतं.

ताणाबाणा
मंडळी, अ‍ॅक एका ओळीचं केलं, मास्कला रॉ लॉक आणि नक्कल लावली. पिक जुळले! दिवस पाळीला सोळाच्या सोळा मागांचे आकडे यांत्रिक काउंटरशी बरोबर. मालकाने शेंगाचटणीचा डबा पाठवला.

पण आता नवीनच. रात्र पाळीत मध्येच सगळे माग एकदम गप्प. बोर्ड चालू, नेटवर्क चालू, लॉगइन होतं, पण बत्तीसपैकी एकाही तारेचा इंटरप्ट येत नाही. रीबूट केलं की परत सुरू. हे आधी कधीच होत नव्हतं. माझ्या बदलाने काही मोडलं का?

अक्कलकोट_नाका
डबा परत दे बे.

एफपीजीए_ताई
थांबा, डबा ठेवा. दोन गोष्टी द्या. गप्प झाल्यावर स्टेटस आणि मास्क काय दाखवतात, आणि डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डाची जोडणी कर्नलला सांगणाऱ्या फाइलमधली) इंटरप्टची ओळ.

ताणाबाणा
मास्क : सगळ्या तारा चालू. स्टेटस : बहुतेक सगळे बिट १, आणि तसेच राहतात.
डिव्हाइस ट्री :

    इंटरप्ट्स = <० २९ १>;

एफपीजीएची तार इंटरप्ट ६१ ला जोडलेली आहे. तिथे २९ का लिहिलंय हेही मला कोडंच आहे.

एफपीजीए_ताई
२९ बरोबर आहे. जीआयसीत ० ते १५ सॉफ्टवेअरचे, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खाजगी, आणि सामायिक इंटरप्ट ३२ पासून सुरू. पहिलं ० म्हणजे सामायिक प्रकार, त्यामुळे क्रमांक ३२ वजा करून लिहायचा. ६१ उणे ३२ म्हणजे २९.

रोग तिसऱ्या आकड्यात आहे. १ म्हणजे चढती कड. तुमच्या कंट्रोलरची बाहेर जाणारी तार म्हणजे सगळ्या चालू बिटांचा ओर. हँडलरने स्टेटस वाचलं, तार ३ दिसली. ३ अ‍ॅक करायच्या आत ९ आली. आता ३ पुसली तरी ९ मुळे बाहेरची तार खाली आलीच नाही. हँडलर संपला. जीआयसी नवीन चढत्या कडेची वाट बघतोय, पण तार वरच आहे, कड येणार कुठून? ९ तशीच पडून राहते, बाकीच्या एकेक करून तिच्यावर साचतात. सगळे गप्प.

तुमच्या बदलाने काही मोडलं नाही. आधीचं अ‍ॅक दर वेळी सगळेच बिट पुसत होतं, त्यामुळे तार खाली यायची आणि हा दोष झाकला जायचा. पिक हरवत होते म्हणून बोर्ड चालू होता. १ च्या जागी ४ करा, म्हणजे उच्च पातळी. तार वर असेपर्यंत जीआयसी विचारत राहील. एकाच तारेवर अनेकांना गोळा करणाऱ्या कंट्रोलरची बाहेरची तार लेव्हलच असायला हवी.

पुणेरी_प्रोब
किंवा हँडलरमध्ये स्टेटस शून्य होईपर्यंत लूप फिरवा. तार खाली येईलच, पुढची कड मिळेल.

एफपीजीए_ताई
चालेल, पण एखादी तार खराब होऊन सतत वर राहिली तर तो लूप संपणारच नाही. डिव्हाइस ट्री दुरुस्त करा. नंतर हवा असेल तर लूप ठेवा, पण त्याला मर्यादा घाला.

याला जोडून : हा चेन हँडलर (एका इंटरप्टमधून पुढच्या तारा वाटणारा) आहे ना? मग मधली ६१ ची तार प्रॉक-इंटरप्ट्सच्या यादीत दिसणार नाही, ती शोधत बसू नका. आणि साध्या इंटरप्टला कर्नलचं जे कवच असतं, म्हणजे १,००,००० पैकी ९९,९०० हून जास्त वेळा कुणी दाद दिली नाही तर "नोबडी केअर्ड" म्हणून तार बंद करणं, ते चेन हँडलरला लागू होत नाही. वादळ आलं तर बोर्ड मुकाट गोठेल. हाताळणारं कुणी नसलेली तार मास्क करून टाकायची व्यवस्था ड्रायव्हरमध्ये तुम्हालाच करायला लागेल.

ताणाबाणा
४ केलं. दोन्ही पाळ्या पार पडल्या, गप्प झाले नाहीत. ताई, डबा तुमच्या नावाचा. आता राहिली फक्त थांब्याची दुहेरी नोंद.

रजिस्टरराव
थांब्याच्या तारा लेव्हलच्या आहेत, त्यांना हँडल_लेव्हल_आयआरक्यू असणार. त्यात क्रम असा : आधी मास्क आणि अ‍ॅक, मग तुमचा हँडलर, शेवटी अनमास्क. अ‍ॅक करताना लॅच अजून वरच असतं, म्हणून स्टेटसचा बिट पुसल्या पुसल्या पुन्हा चढतो. नंतर हँडलर लॅच क्लिअर करतो, पण चढलेला बिट कोण पुसणार? अनमास्क केलं की तोच पुन्हा इंटरप्ट देतो. झाली दुसरी नोंद.

झायलिंक्सच्या (झिंक त्यांचीच) स्वतःच्या इंटरप्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, तो उघडून बघा. लेव्हलच्या तारांसाठी तिथे अनमास्कमध्ये, तार चालू करण्याआधी, अ‍ॅक एकदा परत लिहिलंय, आणि वर याच कारणाची टीपही आहे. तसंच करा, फक्त लेव्हलच्या तारांसाठी. पिकच्या तारांना तिथे अ‍ॅक केलंत तर पुन्हा पिक गिळाल.

तरीही अधूनमधून दोन नोंदी पडल्या तर कारण बसचं आहे. तुमचं लॅच वेगळ्या ब्लॉकमध्ये आहे, कंट्रोलर वेगळ्या. आयओरिमॅपने मॅप केलेल्या जागी राइट झाला की प्रोसेसर पुढे निघतो, तो राइट ब्लॉकपर्यंत पोचला की नाही याची वाट बघत नाही. दोन वेगळ्या ब्लॉकांना केलेले राइट कुणाचे आधी पोचतील याची खात्री नाही. लॅच क्लिअर केल्यावर त्याच ब्लॉकमधलं एखादं रजिस्टर वाचा. उत्तर परत आलं म्हणजे आधीचा राइट पोचलेला आहे.

पुणेरी_प्रोब
सगळीकडे राइटएल वापरताय. रिलॅक्स्ड (बॅरिअर नसलेलं) का नाही? ए९ वर राइटएलच्या बॅरिअरमध्ये बाहेरच्या एल२ कॅशचा सिंकही येतो, तो महाग पडतो.

रजिस्टरराव
हे मात्र खरं. मास्क आणि अ‍ॅकमध्ये डीएमए (हार्डवेअरने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) नाही, साध्या मेमरीशी क्रम जुळवायचा नाही. एकाच ब्लॉकचे व्यवहार आपसांत क्रमाने राहतात, तेव्हा रिलॅक्स्ड चालेल. जीआयसीचा ड्रायव्हरही बहुतेक जागी रिलॅक्स्डच वापरतो. पण आधी बरोबर चालू द्या, मग वेगवान करा. यंत्रमागाच्या पिकला तेवढी घाई नाही.

ताणाबाणा
अनमास्कमध्ये अ‍ॅक आणि लॅचचं परत वाचन, दोन्ही घातलं. नोंद आता एकदाच पडते. एफपीजीएचा पुढचा बिटस्ट्रीम (आतल्या जोडणीची फाइल) निघणारच आहे. त्यात काही बदलून घेऊ का?

एफपीजीए_ताई
हार्डवेअर आपल्या हातात असताना लॉकवर का भागवायचं? मास्कचं एक रजिस्टर ठेवण्याऐवजी जोडी द्या : एकात १ लिहिलं की तार चालू, दुसऱ्यात १ लिहिलं की बंद. जीआयसीत तसंच आहे, चालू करायची रजिस्टरं ऑफसेट हेक्स १०० पासून, बंद करायची हेक्स १८० पासून. मग दोन कोअर एकाच वेळी आले तरी कुणी कुणाचा बिट पुसत नाही, आणि मास्कसाठी लॉक लागतच नाही.

ऑफसेट ० आणि ४ आहेत तिथेच राहू द्या, जोडी ८ आणि १२ ला घाला. १६ ला फक्त वाचता येणारा आवृत्ती क्रमांक ठेवा. ड्रायव्हर प्रोबमध्ये (सुरू होताना) तो वाचून ठरवेल, जुना बोर्ड असेल तर लॉकवाला रस्ता, नवा असेल तर जोडीवाला. पण आधी एक बघून घ्या : जुन्या बिटस्ट्रीममध्ये १६ वाचलं तर शून्य मिळतं, की पत्त्याचे वरचे बिट न बघितल्यामुळे स्टेटसच परत येतं? दुसरं असेल तर आवृत्तीचा आकडा असा निवडा की तो चुकूनही स्टेटससारखा दिसणार नाही.

ताणाबाणा
बघितलं. स्टेटसच परत येतं.